दोन नंबरचा हौद

न्यान म्हातारीच्या हातून नको तो मासा कधी जगला नाही, असं मेकाँगच्या काठी सगळेच म्हणत. समुद्राचं खारं पाणी कालव्यांत चढू लागलं तेव्हापासून, नऊ वर्षं, ती खाऱ्यात तगणाऱ्या पंगस माशाची वीण घडवत होती. जोमाने वाढतील ते ठेवायचे, बाकीचे जिवंतच मासेखाऊ मरळींच्या तळ्यात. या छाटणीत तिला दयामाया नव्हती. खरं तर तिला त्यात मजाच यायची.

घरातही तिचा तोच खाक्या. त्या मुलखात पहिल्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून ‘दोन’ म्हणतात, आणि पुढची मोजणी तिथून. तिचा थोरला मुलगा दोन, तसाच दाराजवळचा पहिला हौदही दोन. या थोरल्याची बायको थोआ उत्तरेकडची. तिकडे पहिल्याला ‘एक’च म्हणतात. तिला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. परवा भरल्या पंगतीत म्हातारी तिला म्हणाली, "दोन हंगाम बीज न देणारी मादी मी ठेवत नाही. सण झाला की दोघं शहर गाठा, कारखान्यात लागा." थोरल्याने मान खाली घालून भात चिवडला.

त्या सकाळी शेवटची निवड होती. पहिल्या हौदातली पिल्लं खाऱ्यात मलूल पडली होती. त्याच्या शेजारच्या हौदातली तरतरीत होती; खुणेसाठी त्यांच्या पाठीवरचा इवलासा पर कापलेला. त्यांचे आईबाप उन्हाळ्यात रोगाने गेले होते. नऊ वर्षांचं जे काही होतं, ते त्या एका हौदात होतं.

"दोन नंबरचा हौद मरळींना घाल," म्हातारीने थोआला फर्मावलं.

"दोन म्हणजे कुठला, आई?"

"घ्या! पोर तर होत नाहीच, आकडेही येत नाहीत! तुझ्या आईने मोजायला शिकवलंय ना? तसं मोज."

कामाच्या बायका फिदीफिदी हसल्या.

"बरं, आई."

म्हातारी बर्फ घातलेली कॉफी घेऊन तळ्याकाठी बसली. बादल्या ओतल्या जाऊ लागल्या तशा मरळी तुटून पडल्या. "खा गं, पोटभर खा," ती खुशीत म्हणाली. "बिनकामाच्यांचा तेवढाच उपयोग."

अर्धा तुटलेला एक मासा उसळून तिच्या पायाशी पडला. परत फेकायला तिने तो उचलला. पाठीवर बोट फिरलं. पर कापलेला होता.

ती तशीच तळ्यात उतरली, कमरेइतक्या पाण्यात दोन्ही हातांनी चाचपू लागली. हाती फक्त चिखल आला.

"सटवे! दोन सांगितला होता मी!"

"दोनच ओतला, आई," थोआ बादली विसळत म्हणाली. "माझ्या आईने शिकवलं तसं मोजून."

मग तिने बादली पालथी घातली आणि लग्नापासून रोज मारायची तशीच नवऱ्याला हाक मारली, "अहो दोन, चला! सामान बांधायचंय."

म्हातारी पाण्यात उभी राहून तिच्याकडे बघत राहिली.