आठ इंचांवरचं गवत

लॉर्ना हॅगनच्या दारावर लाल नोटीस लागली आणि अर्ध्या तासात ते सगळ्या गल्लीला कळलं. गवत आठ इंचांच्या वर गेलंय, शुक्रवारपर्यंत कापा, नाहीतर नगरपालिकेची माणसं येऊन कापतील. लॉर्नाने नोटीस वाचली आणि फ्रीजवर ठेवून दिली. अंगणाच्या मधोमध, ओंजळीएवढ्या खळग्यात, सशाची पाच पिल्लं होती. डोळे नुकतेच उघडलेले. आणखी आठवडाभर मिळाला, की ती आपल्या पायांनी निघून जाणार होती. नवरा गेल्यापासून लॉर्नाला काळजी करायला घरात कुणी उरलं नव्हतं. आता एकदम पाचजण मिळाले होते.

पण मिनेसोटातली माणसं पडली भारी मदतीची! शेजाऱ्यावर वेळ आली की विचारत बसायचं नाही, करून मोकळं व्हायचं, आणि तो आभार मानायच्या आत पसार व्हायचं. शुक्रवारी सकाळी गवत कापायची तीन यंत्रं धडधडवत गल्लीतले तिघे अंगणाच्या कडेला हजर. सगळ्यात पुढे शेजारचा वेंडेल.

लॉर्ना गाऊनवरच धावली. "थांब! बंद कर ते धूड!"

"तू आत जा बघू. गुडघा दुखतो ना तुझा?" वेंडेल म्हणाला. "दहा मिनिटांचं काम. लाजायचं काय त्यात?"

"लाजतंय कोण मेल्या? पिल्लं आहेत तिथे!"

यंत्रं गप्प झाली. तिने हलक्या हाताने गवत बाजूला सारलं. चाळीस वर्षं आपलं लेट्युस कुरतडणाऱ्या सशांच्या नावाने बोटं मोडणारा वेंडेल गुडघ्यांवर बसला.

"किती एवढीशी आहेत गं," तो म्हणाला आणि उगीचच खाकरला.

नेमका तेव्हाच मोजपट्टी घेऊन नगरपालिकेचा क्लिफर्ड गाडीतून उतरला. आता टक्कल पडलेलं, पण तिसरीत लॉर्नानेच त्याला शिकवलं होतं. त्याने पिल्लं पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"मिसेस हॅगन, माझा नाइलाज आहे हो. नियम म्हणजे नियम."

"मग वाच नियम. मोठ्याने. पुटपुटायचं नाही."

क्लिफर्ड आपोआप ताठ उभा राहिला आणि कागद काढून वाचू लागला. चौथ्या कलमाशी त्याचा आवाज चढला. "कड घातलेल्या फुलांच्या वाफ्याला उंचीची अट लागू नाही."

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचेपर्यंत वेंडेल घराकडे सुटला होता. ढकलगाडीत तो स्वतःच्याच जिरेनियमच्या वाफ्याच्या विटा उपटून घेऊन आला, वर जिरेनियमही. खळग्याभोवती विटांचं कडं झालं, फुलं लागली. उरलेलं गवत लॉर्नाने आणि त्या तिघांनी कात्र्यांनी कापलं, म्हणजे आवाज नको. क्लिफर्डने विटांवरून पट्टी फिरवली आणि वहीत लिहिलं, 'वाफा'. मग हळूच विचारलं, "पिल्लं अजून एकदा बघू का?"

आठ दिवसांनी भल्या सकाळी कुंपणापलीकडून पायजम्यातला वेंडेल ओरडला. "लॉर्ना! बाहेर ये! पाचही पिल्लं माझ्याकडे आलीत, लेट्युसमध्ये!"

"अगं बाई! मग हाकल की त्यांना!"

"हाकलू? नाश्ता चाललाय त्यांचा! तू ये आधी, खुर्ची मांडलीय तुझी."

लॉर्ना हसतच सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने कॉफी चढवली, आणि कित्येक महिन्यांनी दोन कप भरले.