टोळ की टोळी?

ऐकाऽऽ हो मित्रांनो! दचकलात? दचकायलाच हवं. सगळं आयुष्य मी लोकांना दचकवण्यातच घालवलं आहे. मी एक जुनी हलगी. आता माझं कातडं फाटलंय, कड्याला भेग गेलीय आणि मी सटवाजीच्या घरात खुंटीला लटकते. पण बोलायची खोड काही गेलेली नाही. आणि आज जी गोष्ट सांगणार आहे ती आठवली, की माझं फाटकं कातडंसुद्धा थरथरायला लागतं.

आमचं गाव निंबथडी बुद्रुक. परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या थडीला; आम्ही तिला गंगाच म्हणतो. सोनपेठेचा बाजार पायी जाण्याएवढा जवळ. तेव्हा इथे निजामाचं राज्य होतं. आश्रुबा सुतारानं माझं लाकडाचं गोल कडं करून दिलं. गावाबाहेरच्या वस्तीतल्या सटवाजीनं त्यावर शेळीचं कातडं ताणून चिंचोक्याच्या खळीनं चिकटवलं, सावलीत वाळवलं, कातडं ताठ व्हावं म्हणून कडब्याच्या जाळावर शेकलं आणि पहिलं टिपरू मारलं. कडाड्! सटवाजीची म्हातारी आई कानांवर हात ठेवून म्हणाली, "लय तोंडाळ निपजली रं ही!" मी ते कौतुकच समजले.

लग्नात मी पुढे, जत्रेत मी पुढे. पण माझं रोजचं काम दवंडीचं. सरकारचा हुकूम उर्दूत यायचा. व्यंकटराव पाटील तो मराठीत सांगायचे, सटवाजी तो गावभर ओरडायचा आणि त्याच्याही आधी मी ओरडायचे. पुढे पुढे बातम्या वाईटच यायला लागल्या. पटकीची साथ आली. लढाई लागली. धान्याची लेव्ही, म्हणजे सक्तीची वसुली, आली. माझा आवाज ऐकला की बायनाबाई धाडकन दार लावून घ्यायची. "आली बया कायतरी वंगाळ घिऊन!" असं आतून ऐकू यायचं. अहो, पटकी काय मी आणली होती? मी फक्त सांगितलं, पाणी उकळून प्या! असा राग यायचा म्हणून सांगू!

बायनाबाईचाही दोष नव्हता. नवरा नाही, घरात चार लेकरं आणि ओढ्याकाठी जमिनीचा एकच पट्टा. वाईट बातमी ऐकायला तिला सवडच नव्हती.

त्या ओढ्याच्या पलीकडे निंबथडी खुर्द. दोन्ही गावांचा पोळा पूर्वी एकत्र भरायचा. एका वर्षी तोरणाखालून आधी कुणाचा बैल जाणार, यावरून मानापमान झाला. आमचे पाटील म्हणाले, मान बुद्रुकचा. खुर्दचे ईश्वरअप्पा म्हणाले, खुर्दचा. काठ्या निघाल्या. बैल बिचारे शिंगं रंगवून उभे होते, त्यांना कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून दोन्ही गावांचं बोलणं बंद. एकाच ओढ्यावर दोन्हीकडच्या बाया धुणं धुवायच्या, पण एकमेकींकडे पाठ करून. असे तीन पोळे गेले.

आणि मग आलं ते भयंकर वर्ष. देश स्वतंत्र झाला होता, पण आमच्याकडे निजामाचंच राज्य होतं आणि सगळीकडे धामधूम चालली होती. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या बंदूकधारी टोळ्या गावांवर येतात, अशा बातम्या रोज कानावर यायच्या. रानात काम करतानाही माणसं कान टवकारून असायची. 'टोळी' एवढा शब्द कुणी हळू उच्चारला तरी हातातलं खुरपं गळून पडायचं.

त्या मार्गशीर्षात जोंधळा पोटरीत आला होता. पोटरीत म्हणजे कणीस पानांच्या आत दडलेलं, आज बाहेर पडेल की उद्या, अशा बेतात. तेवढ्यावर गावाचं पुढचं सगळं वर्ष निघायचं होतं. एका दुपारी व्यंकटराव पाटील सोनपेठेहून घोडं पिटाळत आले. "सटवा, हलगी काढ! गंगेच्या वरच्या अंगाला टोळ उतरलेत. उभं रान खाऊन टाकलंय. आन वारं इकडंच हाय!"

टोळ म्हणजे काय, ठाऊक आहे ना? नाकतोड्याचा भाऊबंद. एकटा असला तर लेकरंसुद्धा त्याच्या मागे धावतात. पण तो एकटा कधी येत नाही, आभाळ भरून येतो आणि बसला की हिरवं म्हणून काही उरत नाही.

सटवाजीनं मला भराभर शेकलं. गल्लोगल्ली फिरायला वेळ नव्हता, माणसं रानात पांगली होती. तो ओढ्याकाठच्या टेकाडावर चढला, मला दणादण वाजवलं आणि छाती फुटेस्तोवर ओरडला, "टोळ यिऊ लागलेऽऽत! डबे घ्या, थाळ्या घ्या, रानात चलाऽऽ!"

आता मित्रांनो, एक गंमत करा. आमच्याकडे 'येऊ'ला 'यिऊ' म्हणतात. 'टोळ यिऊ' हे शब्द एका दमात, हेल काढून, जोरात म्हणा. लाजू नका, म्हणा की! काय ऐकू आलं? 'टोळीऽऽ!' वाऱ्यानं नेमकं तेवढंच उचललं आणि ओढ्यापलीकडे नेऊन टाकलं.

तिकडे काय झालं, ते मला मागाहून कळलं. ईश्वरअप्पा जेवायला बसले होते. 'बुद्रुकवर टोळी आली' असं ऐकताच ते उष्ट्या हातानं उठले आणि कोपऱ्यातली काठी घेतली. त्यांचा भाऊ नागप्पा म्हणाला, "अप्पा, बुद्रुकवाले हाईत ते. पोळ्याचं इसरलाव का?"

"पोळ्याचं पोळ्याला बगू," अप्पा म्हणाले. "तितं मानसं मरायलीत. ऊठ!"

इकडे आभाळाच्या कडेला तांबूस ढग दिसायला लागला. बघता बघता तो डोक्यावर आला. कढईत फुटाणे फुटावेत तसा तडतड आवाज झाला आणि पहिले टोळ उतरले ते नेमके बायनाबाईच्या पट्ट्यात. ती थाळी बडवत होती, लेकरं डबा बडवत होती, मी तर गळा काढूनच ओरडत होते. पण अर्धं गाव बाजाराला गेलेलं. मूठभर माणसांनी किती टोळ उडवायचे? इकडून उठवले की तिकडे बसायचे. बायनाबाईच्या डोळ्यांदेखत पानांच्या नुसत्या शिरा उरत होत्या.

तेवढ्यात ओढ्यातून खुर्दची सगळी माणसं वर आली. काठ्या, कुऱ्हाडी, विळे, गोफणी! सटवाजीचा हात थबकला. आम्हाला वाटलं, संपलं, पोळ्याची भांडणं उकरून काढायला आज बरोबर मुहूर्त साधला यांनी.

ईश्वरअप्पा पुढे आले. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. "कुटं हाय टोळी?"

"टोळी?" व्यंकटरावांना काही कळेना. मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "टोळी न्हाई हो अप्पा! टोळ! टोळ आलेत!"

अप्पांनी वर पाहिलं. मग स्वतःच्या काठीकडे पाहिलं. त्यांच्या मागे त्यांची बायको नागुबाई धापा टाकत उभी होती. तिच्या एका हातात हळदीची वाटी होती आणि दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मला आधी अर्थच कळला नाही. कळला तेव्हा मी आतून हलले, मित्रांनो. ती माणसं बंदुकीवाल्यांशी लढायला काठ्या घेऊन आली होती! ज्यांच्याशी बोलणं सोडलं होतं त्यांच्या जखमांवर लावायला नागुबाईनं हळद आणली होती!

आता ती परत जाऊ शकत होती. टोळ आमच्या रानात होते, त्यांच्या नव्हते. कुणी पोळ्याचा विषय काढला असता तर सगळं बिघडलं असतं. पण आधी अप्पाच बोलले. "काठी आनलीच हाय. मानसाच्या टाळक्यात घालण्यापरीस टोळाच्या घालू. चला रं!"

मग काय विचारता! कुऱ्हाडीवर विळे आपटले, गोफणी गरगरल्या, ओल्या निंबाच्या पाल्याचा धूर झाला. मी वाजत होते आणि बायनाबाई, हो, तीच बायनाबाई, ओरडत होती, "हान सटवा, हान! तिचं तोंड बंद हू दिऊ नको!" आणि सगळं रान एकदम सळसळलं. तांबूस चादर झटकावी तसे टोळ उठले! उठले, मित्रांनो! आमच्या माणसांनी टोप्या, पटके वर फेकले.

फेकलेल्या टोप्या खाली यायच्या आत सगळ्यांचं लक्ष ओढ्याकडे गेलं. टोळ वाऱ्यासरशी ओढा ओलांडून खुर्दच्या रानावर निघाले होते, आणि खुर्दची एकूण एक माणसं आमच्या बांधावर उभी होती. आम्हीच त्यांच्या शेतात टोळ लोटले होते.

सर्वांत आधी कोण पळालं सांगू? व्यंकटराव पाटील! पटका मागे पडला तरी वळून न बघता ते ओढ्यात घुसले. त्यांच्या मागून रानात होतं तेवढं सगळं बुद्रुक, थाळ्या वाजवत. ओढ्याच्या पाण्यानं मी भिजले आणि माझा आवाज बसला. नागप्पानं पटकन कडबा पेटवला, सटवाजीनं मला घाईनं शेकलं, जरा जास्तच शेकलं. खुर्दच्या रानात मी अशी वाजले, अशी वाजले, की जन्मात तशी वाजले नव्हते. आणि फाटले. या काठापासून त्या काठापर्यंत. तरी आवाज थांबलाच नाही, कारण दोन गावांची भांडी माझ्या बदली वाजत होती.

उन्हं उतरता उतरता टोळ उठले आणि गोदावरीच्या वाळूत जाऊन बसले. सकाळी थंडीनं ते गारठलेले असताना दोन्ही गावांनी चर खणून त्यांना पुरलं. नुकसान झालंच. बायनाबाईचा अर्धा पट्टा गेला, खुर्दच्याही बांधाकडेची जोंधळ्याची ताटं गेली. पण बाकीचा जोंधळा वाचला आणि दोन्ही गावांत भाकरी राहिली.

पण मला आठवते ती टोळ वाळूत गेले त्या संध्याकाळची गोष्ट. सटवाजी मला मांडीवर घेऊन बांधावर बसला होता. त्याचा तळहात सोलून रक्ताळला होता. नागुबाई आली, समोर बसली आणि तिनं त्याचा हात धरला. मित्रांनो, तेव्हा गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाला कुणी शिवत नसे. सटवाजी घाबरून हात ओढायला लागला. "माय, शिवाशिव व्हईल."

"गप बस," ती म्हणाली. "हळद जखमेसाठी आनलीय. जखम कुनाची, ते इचारून लावायची का?" तिनं हळद लावली, चिंधी बांधली. सटवाजी रडला, आणि मीही रडले असते, पण माझ्यात आता आवाज नव्हता.

वाईट बातम्या त्यानंतर थांबल्या नाहीत. सटवाजीनं दुसरी हलगी केली आणि तिनं त्या सांगितल्या. तुमच्यापर्यंतही अशा बातम्या येतील, मित्रांनो. कुठे पीक बुडेल, कुठे माणसं माणसांवर उठतील. तेव्हा दार लावून घेऊ नका. हाक अर्धीच ऐकू आली, चुकीची ऐकू आली, नावडत्या माणसाची असली, तरी आधी उठा आणि धावा. टोळ की टोळी, ते तिथं पोचल्यावर विचारा.