आवाज कुठवर पोचतो

रेमेदीचं डोकं फिरलं होतं ते नवऱ्यावर. पास्कू आठवडाभर अबकैकला तेलाच्या प्लान्टवर असायचा आणि गुरुवारी संध्याकाळी सौदीतल्याच अल-खोबरच्या फ्लॅटवर यायचा. शुक्रवारी दुपारी वसईची दहा-बारा माणसं त्यांच्या हॉलमध्ये जमत, पडदे ओढून रोझरी म्हणत, शेवटी मरियेचं एक गाणं अर्ध्या आवाजात गात. या देशात चर्चला बंदी, म्हणून घरात, तेही गुपचूप. वर्षानुवर्षं चाललेलं हे, आणि आता हा बाबा म्हणतो, बंद करू.

कारण काय, तर सौदीकरण, परक्यांच्या जागी सौदी माणसं. पास्कूच्या खुर्चीशेजारी एक सौदी पोरगा काम शिकायला आणून बसवला होता. रेमेदी नर्स होती त्या हॉस्पिटलात अर्ध्याअधिक नर्सांचे करार वाढवणार नाहीत अशी कुजबुज होती. माणूस घालवायला निमित्त लागतं, ते आपण हातानं का द्यायचं, असं पास्कूचं म्हणणं. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर तिला जास्त राग आला.

रेमेदीचा थोरला भाऊ अमेरिकेत, फिलाडेल्फियाला. तिथल्या कॅथेड्रलची हकिगत त्यानं तिला फोनवर सांगितली होती, ती तिनं त्या शुक्रवारी रात्री जेवताना पास्कूला सुनावली. पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या शहरात आयरिश कॅथलिक पोटासाठी आलेले. कुणाला नको होते ते. दंगे झाले, दोन चर्चं जाळली. शहाण्या माणसांनी म्हटलं असतं, थोडे दिवस गप्प बसा. तर या लोकांनी दोनच वर्षांत जळलेल्यापेक्षा मोठं कॅथेड्रल बांधायला घेतलं. त्याला खालच्या अंगाला खिडकीच नाही, सगळ्या वर, छताजवळ. लोक सांगतात, खिडकी किती उंच ठेवायची हे ठरवायला त्यांनी आपल्याच माणसांकडून दगड मारून घेतले. दगड पोचेना, तिथून खिडक्या सुरू. खरं-खोटं देव जाणे, पण खिडक्या वरच आहेत, भावानं स्वतः पाहिल्यात. आणि मध्ये तिथली यादवी लढाई झाली, हाल झाले, तरी बांधायला अठरा वर्षं लागली म्हणून कुणी अर्धवट सोडून गेलं नाही.

पास्कूनं माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. इथे कोणी दगड मारत नाही, इथे भिंतींना कान आहेत, असं तो म्हणाला.

"मग कानच मोजू," रेमेदी म्हणाली. "तू गा, मी बाहेर उभी राहते."

तो नाही नाही म्हणत होता, पण तिच्यापुढे त्याचं कधी काय चाललंय! कचऱ्याची पिशवी हातात घेऊन ती जिन्यात गेली. पास्कू आधी हॉलमध्ये गायला. त्याचा तो फुटका आवाज थेट लिफ्टपर्यंत आला. मग बेडरूममध्ये, तर ती खाली उतरली तेव्हा खिडकीतून गल्लीत ऐकू आला. शेवटी स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या मधल्या बोळात उभं राहून तो गायला तेव्हा तिला दाराला कान लावावा लागला. एकही खिडकी नसलेला अंधारा बोळ. भिंतींवर गोधड्या टांगल्या की झालं. ती स्वतःवरच खूश होऊन वळली, तोच समोरच्या फ्लॅटचं दार आतून उघडलं.

समोर हाशम आणि जुबेदा राहत. हाशम मोबाईलच्या दुकानात कामाला. सात वर्षांचा शेजार, पण रेमेदीनं मुद्दामच अंतर ठेवलं होतं. जिन्यात भेट झाली की हिंदीतून दोन शब्द, ती म्हणणार भाभी, जुबेदा म्हणणार सिस्टर, संपलं. हे लोक हैदराबादकडचे असावेत असं तिनं आपलं ठरवून टाकलं होतं. गाव विचारलं तर ते आपलं विचारतील, मग धर्म, मग शुक्रवारची गर्दी, म्हणून तिनं कधी विचारलंच नाही.

"बाई, बोळातलं आम्हाला जास्तच ऐकू येतं," जुबेदा म्हणाली. "जिन्याच्या मागून आमचं स्वयंपाकघर त्याच भिंतीला लागतं."

स्वच्छ, रत्नागिरीकडचं मराठी. रेमेदीच्या हातातली पिशवी खाली पडली. सात वर्षं दोघी हिंदी झाडत होत्या, आणि या बयेला सगळं समजत होतं. म्हणजे रोझरी, नावं, आजाऱ्यांसाठीच्या विनवण्या, सगळंच. पिशवी तशीच टाकून ती आपल्या दाराकडे वळली.

जुबेदानं तिला आत ओढलं. गाणं सुरू झालं की मी मिक्सर लावते, ती म्हणाली. जिन्यातून कुणी जात-येत असलं तर त्याला वाटणच ऐकू यावं. रेमेदीला रडू की हसू कळेना. ऐन गाण्याच्या वेळी भुंगा सोडणाऱ्या त्या मिक्सरला ती सात वर्षं शिव्या घालत आली होती.

पण आधी का नाही बोललात, असं तिनं विचारलं. तुम्ही घाबरला असता आणि गाणं बंद केलं असतं, असं जुबेदा म्हणाली. मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली. मोबाईलच्या दुकानांत आता फक्त सौदी माणसं ठेवायची, असा हुकूम होता. हाशमची नोकरी खलास. येत्या बुधवारी दोघं कायमची घरी निघाली होती.

"इथे कोण येईल ठाऊक नाही," जुबेदा म्हणाली. "पण तुम्ही बंद करायचं नाही. मी काय सात वर्षं उगाच नारळ वाटला?"

बुधवारी ती दोघं गेली. निघताना जुबेदानं रेमेदीला घट्ट मिठी मारली आणि दोघी भर जिन्यात मराठीतून रडल्या.

शुक्रवारी समोरच्या दाराबाहेर अनोळखी चपला होत्या. पास्कूनं त्या पाहिल्या आणि आत येऊन हॉलचे पडदे ओढले. माणसं मात्र आली, निम्मी आली. लिफ्ट आणि गल्लीपेक्षा एकच भिंत बरी म्हणून बोळातच जमली; गोधड्या टांगल्या होत्या, खांद्याला खांदा लागत होता. रोझरी संपली, रेमेदीनं गाणं उचललं. दुसऱ्या ओळीला पलीकडे भिंतीमागे भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि मग कुणीतरी उभं राहून ऐकावं तशी शांतता. बोळातले आवाज एकेक करत बंद झाले. रेमेदीचाही झाला. तिला स्वतःची लाज वाटली.

तेव्हा तिच्यामागून पुढची ओळ आली. पास्कू गात होता, एकटाच, डोळे मिटून, त्या फुटक्या आवाजात, आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं.