बाबांचं वेगळं पातेलं

सोमवारी सकाळी साडेआठला बाबांचं रक्त तपासणीसाठी द्यायचं होतं आणि रविवारी दुपारी दादाच्या छापखान्यात उन्हाळ्यातलं वार्षिक जेवण होतं. दोन्हींच्या मध्ये जेमतेम एकोणीस तास होते. आठवडाभर मी ते तास मनात मोजत होते.

बाबांची मूत्रपिंडं आता चौदा टक्केच काम करतात. पंधरा दिवसांपूर्वी त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम ५.६ आलं होतं. डॉक्टर म्हणाले, पथ्य काटेकोर पाळा. सोमवारी आकडा पाचच्या खाली आला तर डायलिसिस आणखी काही महिने लांबवता येईल, नाही आला तर तयारीला लागायचं. बाबांनी चौतीस वर्षं लिफ्टदुरुस्ती केली. यंत्राला ते भीत नाहीत. "पण यंत्र उघडणारा माणूस मी," ते म्हणाले, "मला यंत्राला बांधू नका."

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना ज्योतीत सोडायचा आणि त्यातलं सोडियम, पोटॅशियम मोजायचं, हे माझं रोजचं काम. सोडियमची ज्योत पिवळी आणि पोटॅशियमची फिकट जांभळी. रक्तात ते वाढलं की हृदयाचा ठोका चुकतो, आणि बरेचदा आधी काही जाणवतही नाही. हे माहीत असल्यामुळे मला झोप कमी लागत होती.

म्हणून मी यादी केली. बाबांना काय द्यायचं नाही, अशा सत्तावीस गोष्टी. एक प्रत आमच्या फ्रिजवर, एक दादाच्या. वहिनीने ती वाचली आणि "बरं" म्हणाली. वहिनीचं "बरं" मी पंधरा वर्षं ऐकते आहे. त्यात होकार किती आणि राग किती, हे मला अजून मोजता आलेलं नाही.

छापखान्याच्या मागच्या अंगणात हिरवं जाळीचं कापड ताणलं होतं. टेबलांवर कोऱ्या कागदाचे लांब ताव अंथरले होते आणि ते उडू नयेत म्हणून कडेकडेने जुने शिशाचे ठोकळे ठेवले होते. दोन उभे पंखे गरम हवा इकडून तिकडे ढकलत होते. बर्फाच्या टबात सरबताच्या बाटल्या, त्याच्या शेजारी परातभर कलिंगड. कामगार आणि त्यांच्या घरचे मिळून चाळीसेक माणसं होती.

"आली तपासनीस," आत्या म्हणाली. ती बाबांच्या शेजारची खुर्ची पकडून बसली होती. "लपवा रे कलिंगड."

"आत्या, बाबांना कुणी काही दिलं का?"

"वारा दिला. पंख्याचा. तो चालतो ना यादीत?"

बाबा हसले. मी त्यांच्या पाण्याची बाटली बघितली. दिवसभरात त्यांना पाणीही मोजून प्यायचं असतं, म्हणून मी बाटलीवर पेनाने रेघा मारल्या होत्या. तिसऱ्या रेघेपर्यंत पाणी होतं. ठीक होतं.

मी त्यांच्या समोर बसले, पण माझं लक्ष लागेना. दर दोन मिनिटांनी कुणीतरी येत होतं. बाइंडर कलिंगडाची फोड घेऊन आला. "बाबा, एवढीशी घ्या. पाणीच तर असतं त्यात."

"म्हणूनच नको," मी म्हणाले.

मग मशीन चालवणाऱ्याची बायको सरबत घेऊन आली. मग तिची सासू बटाट्याच्या काचऱ्या घेऊन. प्रत्येकीला मी नाही म्हणत होते, आणि नाही म्हणताना माझा आवाज दर वेळी थोडा कोरडा होत होता, हे मला ऐकू येत होतं.

"लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली ना," बाबा त्या सासूबाईंना म्हणाले, "की ती नुसती टुणटुण करत राहते, दार लावून घेत नाही. आमची मुलगी तशीच. राग मानू नका, वजन उतरलं की शांत होते."

सगळे हसले. मीही हसले. बाबांची नजर मात्र परातीवरून हलली नव्हती. चौदा दिवस त्यांनी एक फोड मागितली नव्हती. मला तेच जास्त टोचत होतं.

दीडला वहिनी एक छोटं पातेलं घेऊन आली. कडीला लाल दोरा बांधला होता.

"हे फक्त बाबांचं," ती मला म्हणाली. "सगळं तुझ्या यादीप्रमाणे. कोबी आणि थोडा बटाटा. बटाटा दोनदा उकळून दोन्ही वेळचं पाणी ओतून दिलंय. सोबत भात."

मला एकदम हलकं वाटलं. बटाटा उकळला की त्यातलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. दोनदा उकळलेला बटाटा म्हणजे यादी नुसती फ्रिजवर चिकटवली नव्हती, वाचली होती. मी बाबांना वाढलं. सवयीने वाटी डोळ्यांनी मोजली, पण चव घेतली नाही. ते मला सुचलंही नाही. बावीस वर्षं मी नमुने हाताळते आहे आणि पहिल्या दिवशी शिकलेला नियम आहे, नमुना तोंडात घालायचा नाही.

बाबांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"आज जेवणाला चव आहे," ते म्हणाले.

मला वाटलं, वहिनीचं मन राखताहेत. "घ्या की मग अजून," मी म्हणाले आणि आणखी एक वाटी वाढली. त्या दुपारी बाबांना आग्रह सगळ्यांनी केला, वाढलं मात्र मी एकटीनेच.

दुसरी वाटी संपत आली तेव्हा आत्याने आपला चमचा बाबांच्या ताटात घातला.

"आत्या, ते त्यांचं आहे."

"चमचाभर बघते गं. तुझ्या पथ्याची एवढी कीर्ती ऐकली." तिने खाल्लं आणि जिभेने टाळू चाचपली. "हे बिनमिठाचं आहे?"

"हो."

"काहीतरीच. बिनमिठाचं मी तीन वर्षं गिळलंय ब्लडप्रेशरपायी, मला सांगू नकोस. ह्यात मीठ आहे. आणि मागून जरा कडसर लागतंय."

खारट आणि मागून कडसर. ते वर्णन कुणी मला फोनवर केलं असतं तरी मी नाव सांगितलं असतं. मी उठले. खुर्ची मागे पडली, ती कुणीतरी उचलली.

छापखान्याच्या आत, एरवी चहा होतो त्या खोलीत वहिनी मोठं भांडं घासत होती. फळीवर डिंकाचे डबे, शेजारी मसाल्याच्या बाटल्या.

"वहिनी, बाबांच्या भाजीत मीठ घातलंस?"

"साधं नाही घातलं." तिने ओला हात पदराला पुसला आणि फळीवरून एक पाकीट काढलं. पांढरं पाकीट, वर लाल बदाम. "हे कमी सोडियमचं. डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले ना? चौदा दिवस ते गवत खाल्ल्यासारखं जेवतायत. म्हटलं, आज सगळे चवीने खाणार, त्यांनीच का नाही. मुद्दाम तीन दुकानं फिरले."

तिचा चेहरा आनंदी होता. पंधरा वर्षांत ती माझ्याशी सलग एवढं बोललेली मला आठवत नाही.

मी पाकीट उलटं केलं. घटक बारीक अक्षरांत होते. सोडियम कमी केलं की खारट चवीसाठी त्या जागी दुसरं काहीतरी घालावं लागतं. पहिलाच शब्द होता पोटॅशियम क्लोराइड.

"काय झालं?" वहिनी म्हणाली.

"ह्यात पोटॅशियम आहे. जे बाबांना नको, नेमकं तेच."

नळ चालू होता, तो तिने बंद केला.

"आत्ता दवाखान्यात जायला हवं," मी म्हणाले.

दादा दारात येऊन उभा होता. "आत्ता? अगं, आइस्क्रीम यायचंय. माणसं बसलीयत. उद्या सकाळी तपासणी आहेच की. दोन वाट्यांनी काय होणारे?"

"माहीत नाही."

"मग?"

"माहीत नाही म्हणूनच जायचंय, दादा. काही होणार असेल तर ते आधी सांगून होत नाही. आणि उद्या साडेआठपर्यंत मी वाट बघू शकत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग वहिनीकडे. वहिनीने त्याच्या शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली स्वतःच काढली आणि त्याच्या हातात ठेवली.

बाबांना मी शक्य तेवढ्या साध्या शब्दांत सांगितलं. ते ताटाकडे बघत राहिले.

"म्हणजे उद्याचा पेपर गेला," ते म्हणाले.

"उद्याचं उद्या बघू."

"चौदा दिवस मी कलिंगडाला हात लावला नाही." ते रागावले नव्हते. हिशेब कुठे चुकला, ते शोधत असल्यासारखे बोलत होते. "आणि बुडालो कोबीत."

आत्याने लाल दोऱ्याचं पातेलं मांडीवर ओढून घेतलं. "जा तुम्ही. ह्याला मी कुणाचा हात लागू देत नाही. आणि माणसांना मी सांभाळते, दोन गोष्टी सांगितल्या की बसतात." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला तपासनीस म्हटलं ते काही वाईट म्हणून नव्हतं."

गाडीत मी बाबांच्या मनगटावर बोटं ठेवून बसले. बहात्तर. नंतर चौऱ्याहत्तर. एक ठोका उशिरा आल्यासारखा वाटला, की माझंच बोट सरकलं होतं, ते कळलं नाही. प्रत्येक सिग्नल लाल होता. मागच्या काचेतून ऊन बाबांच्या मानेवर पडत होतं आणि वहिनी पुढच्या सीटवरून हात मागे करून तिथे रुमाल धरत होती. दुसऱ्या हातात पाकीट होतं.

दवाखान्यात ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी बाबांच्या छातीला तारा लावल्या, मग रक्त घेतलं. कागदाची पट्टी बाहेर आली तशी मी मान लांब करून बघितली. लाटांची टोकं नेहमीपेक्षा उंच आणि अणकुचीदार होती. एवढं मलाही कळत होतं.

"किती खाल्लं?" डॉक्टरिणीने मला विचारलं.

"दोन वाट्या," मी म्हणाले. त्यात मीठ किती होतं, ते मला ठाऊक नव्हतं. कागदावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

"पातेल्यात मी लहान चमच्याने सपाट दोन चमचे घातले," वहिनी मागून म्हणाली. "भाजी एकूण सहा वाट्या झाली होती, म्हणजे त्यांच्या पोटात पाऊण चमच्याच्या आत गेलं. जेवण दीडला सुरू केलं, उठले तेव्हा दोनला दहा कमी होते. हे पाकीट."

डॉक्टरिणीने पाकीट घेतलं, घटक वाचले, भरभर लिहिलं. "उत्तम सांगितलंत," ती म्हणाली. "आधीच वाढलेल्या पोटॅशियमला एवढंही जड जातं."

आकडा आला ६.२. मग सगळं वेगात झालं. एक इंजेक्शन हृदयासाठी, एक सलाइन, प्यायला एक पिठूळ औषध. पडदा ओढला गेला आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दादा फोनवर आत्याला सांगत होता, आइस्क्रीम वाटून टाक. त्याचा आवाज फाटत होता.

मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. बाकापासून पाण्याच्या यंत्रापर्यंत एकोणीस पावलं. वहिनी बाकावर बसली होती, पाठ ताठ.

"यादीत हे नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मी दोनदा वाचली. सत्तावीस गोष्टी. देऊ नका, घालू नका, ठेवू नका. काय घाला, ते एकदाही लिहिलं नाहीस."

मी थांबले. तिचा आवाज चढलेला नव्हता. ते तिने बरेच दिवस मनात धरून ठेवलेलं वाक्य असावं.

"तुझं चुकलं नाही, वहिनी. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, हे खरं. पण विचारायला मी जागाच ठेवली नव्हती. आणि मी चव घेतली नाही. एक चमचा घेतला असता तरी कळलं असतं."

"मी घेतली होती," ती म्हणाली. "मला छान लागली."

यावर आम्ही दोघी जरा हसलो. मग तिने डोळे पुसले, मग उठून ती माझ्या फेऱ्यांमध्ये सामील झाली.

साडेसहाला दुसरा आकडा आला, ५.५. पट्टीवरची टोकं खाली आली होती. डॉक्टरीण म्हणाली, औषधाचा जोर ओसरला की आकडा परत चढू शकतो, म्हणून आज इथेच ठेवू. उद्याच्या तपासणीला आता अर्थ नाही. पंधरा दिवस पुन्हा पथ्य, मग तुमचे डॉक्टर ठरवतील.

"म्हणजे नापास नाही," बाबा पलंगावरून म्हणाले. "परीक्षा पुढे ढकलली."

"हो."

"पंधरा दिवस मी करते जेवण," वहिनी म्हणाली. "लिंबू चालतं ना थोडं? जिरं? आलं? आणि तू रोज येऊन चव घे. लिहून नको देऊस."

"चालतं," मी म्हणाले. "येते."

ती दादाबरोबर चादर आणायला गेली. पाकीट पलंगाशेजारच्या टेबलावर राहिलं होतं. मी त्यातलं चिमूटभर मीठ तळहातावर घेतलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा, माहीत असलेलं रसायन जिभेवर ठेवलं. आधी खारट. अगदी मिठासारखं, प्रामाणिक खारट. मग हळूहळू, जिभेच्या मागच्या बाजूला, कडू.

मी बाबांची पाण्याची बाटली उघडली आणि एक घोट घेतला. बाबा बाटलीकडे बघत होते. पेनाच्या रेघा अजून तशाच होत्या, पाणी तिसऱ्या रेघेच्या जरा खाली.

मी झाकणभर पाणी ओतून त्यांच्या ओठांशी धरलं.