फाटकावरची काळी चार

या, जवळ सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनी थोडं पुढं यावं, आणि ज्यांचं निम्मं लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडं आहे त्यांनी ते आत आणावं. आज एका मुलीची गोष्ट सांगायची आहे. तोंडाला खळ नाही म्हणून जिचं नाव झालं, आणि पुढं एकाच शब्दानं जिनं भरल्या फाटकावर माणसं मुकी केली, तिची. पण ती नीट कळायला हवी असेल, तर तिच्या बापाशेजारी बसून ऐकावी लागेल.

बाप म्हणजे पिंपळे गुरवचा नूरमोहम्मद. दिवसा पिंपरीच्या एका कंपनीत फिटर, संध्याकाळी पेटीवाला. भैरवनाथाच्या देवळात कौशल्याबाई कीर्तनाला उभ्या राहिल्या, की त्यांच्या डाव्या हाताला त्याची पेटी ठरलेली. तबलजी बदलले, टाळकरी बदलले, पेटी बदलली नाही. हा माणूस रोजेही धरायचा आणि कीर्तनाला सूरही. रमजानात बाई त्याचा रोजा सुटेपर्यंत थांबत. कुणी कुरकुर केली, तर म्हणत, "देव काय पळून चाललाय व्हय? बसा निवांत."

बाईंनी त्याला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली होती. आख्यानात एखाद्या आईला लेकराची वाईट बातमी कळते, तिथं बाई बोलता बोलता गप्प होत. सगळं देऊळ श्वास धरून बसे. "मी गप झाले की तुमी गप व्हायचं न्हाई," त्यांनी बजावलं होतं. "माझी काळी चार हळू धरून ठेवायची. सूर तुटला तर मी उघडी पडते." काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, बाईंची गायची पट्टी. ती धरायची सवय नूरमोहम्मदच्या हाडात गेली. कीर्तन संपलं, की आरतीआधी बाई वाकून पेटीला हात लावत आणि तो कपाळाला नेत. मग देवाकडं वळत.

त्या पेटीमागं बसूनच त्याची गुलशन वाढली. शेजारी बसून बाईंची नक्कल करायची, अगदी पदर खोचण्यासकट. शाळेच्या नाटकात तिला मुंबईच्या दूरदर्शनच्या एका बाईंनी पाहिलं आणि तेरा वर्षांची पोर टीव्हीवर गेली. शाळकरी मुलांची मालिका होती, आठवड्याला एक भाग. त्यात गुलशन 'बिजली' व्हायची. बिजली कुणालाच बोलू द्यायची नाही. मास्तर, आई, पोलीस, कुणीही तोंड उघडलं की ही हात वर करून म्हणायची, "थांबा की, मी बोलतेय ना!"

झालं. पिंपरीच्या बाजारात बरकतचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं हौसेनं टीव्ही आणला होता. मालिकेच्या संध्याकाळी तो टीव्ही दाराकडं तोंड करून ठेवी, आणि रस्त्यावर सायकली आडव्या होत. दुसऱ्या दिवशी गुलशन भाजी आणायला गेली, तरी भाजीवाली म्हणे, "थांबा की, मी बोलतेय ना!" आधी गंमत वाटली. मालिका संपली, ती मोठी झाली, पण बिजली काही तिच्या अंगावरून उतरेना. नाटकात गंभीर काम केलं, तर रडायच्या जागी मागून कुणीतरी हेच ओरडलं आणि थिएटर हसलं. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही.

"लग्नात काजीनं विचारलं तरी लोक हेच ओरडतील," ताजुन्निसा, तिची आई, भाकरी थापता थापता म्हणाली.

"मग मी कबूल म्हणायचीच नाही," गुलशन म्हणाली.

अशात नानासाहेब नावाच्या दिग्दर्शकानं तिला बोलावलं. ते कामगारांवर चित्रपट करत होते. एकोणीस वर्षांच्या गुलशनला त्यांनी कामगाराच्या बायकोचं काम दिलं, चित्रपटातलं सर्वांत मोठं. पैसे घालणाऱ्या शेटजींना ते मुळीच पटलं नव्हतं. "ती दिसली की लोक हसणार," ते म्हणत होते. नानासाहेबांनी फाटकाचा प्रसंग सगळ्यांत आधी घ्यायचं ठरवलं. तो जमला तर गुलशन राहील, नाहीतर दुसरी मुलगी. हे त्यांनी तिच्यापासून लपवलं नाही.

प्रसंग असा. तीनचा भोंगा होतो, पहिली शिफ्ट सुटते. ती डबा घेऊन फाटकाशी उभी असते. सगळे बाहेर येतात, तिचा नवरा येत नाही. एक सोबती येऊन सांगतो, "वहिनी, तो आता येणार नाही." ती काही बोलत नाही. बऱ्याच वेळानं म्हणते, "बरं." बस्स.

चिंचवड स्टेशनजवळच्या एका कारखान्यानं दोन दिवस फाटकावर उभं राहू दिलं होतं. खरा भोंगा, खरे कामगार, आवाजही जागेवरच टिपायचा. म्हणजे दिवसाला एकच संधी. पहिल्या दिवशी नूरमोहम्मद रजा टाकून गेला आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभा राहिला.

भोंगा झाला. निळे कपडे बाहेर लोटले. सोबती आला, वाक्य बोलला. गुलशन गप्प झाली. गर्दी थबकून पाहत होती. ती गप्पच. आणि नूरमोहम्मदच्या हाडातली सवय जागी झाली. कीर्तनकार गप्प झाला आहे, सूर तुटता कामा नये. पेटी नव्हती, म्हणून त्याच्या घशातूनच काळी चार निघाली, स्वच्छ, लांब.

क्षणभर कुणाला कळेना की आवाज कुठून येतोय. मग एकजण हसला, मग दहा, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "थांबा की, मी बोलतेय ना!" अख्खं फाटक हसलं. गुलशनच्या हातातला डबा खाली आला.

शेटजींचा माणूस नूरमोहम्मदजवळ येऊन म्हणाला, "चाचा, तुमच्या पोरीचं काम तुम्हीच बुडवलंत." तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. नानासाहेब एवढंच म्हणाले, "उद्या अजून एकदा. तेवढंच आहे."

तिथून तो घरी न जाता देवळात गेला. कौशल्याबाई ओट्यावर वाती वळत होत्या. त्यानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "उद्या मी जात नाही. माझं तोंड माझ्या ताब्यात नाही, बाई."

तेवढ्यात मागून गुलशन आली. बापाला शोधतच आली होती. "अब्बा, तुम्ही यायचंच," ती म्हणाली. "मी गप्प झाले तेव्हा मला दरीत पडल्यासारखं झालं होतं. तुमचा सूर आला आणि पाय टेकले. लोक हसले ते नंतर."

"पण तोच तर नको आहे त्यांना, बेटा."

कौशल्याबाई हसल्या. "आवाज नको हाय त्यांना. सूर नको असं कुठं म्हनाले? पेटी घेऊन जावा. भात्याची कडी लावून ठेवा, आन् काळी चार दाबून बसा. हवाच न्हाई तर वाजंल कशी? पर पोरीला दिसंल ना तुमचं बोट."

"आणि माझं तोंड?"

"त्यात सुपारी धरा," बाई म्हणाल्या, आणि चंचीतून एक काढून दिली.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याच्या बाजूला नूरमोहम्मद मांडी घालून बसला. पुढं पेटी, भाता बंद, गालात सुपारी. शेटजींच्या माणसानं कपाळाला हात लावला. गर्दी कालच्यापेक्षा जास्त होती. कालची गंमत कंपनीभर पसरली होती, आणि बरेचजण हसायचं ठरवूनच थांबले होते.

भोंगा झाला. माणसं बाहेर आली. गुलशन डबा घेऊन उभी होती, प्रत्येक चेहऱ्याकडं पाहत, प्रत्येकाला जरा जरा हसून सोडत. सोबती आला. "वहिनी, तो आता येणार नाही."

नूरमोहम्मदनं काळी चार दाबली.

गुलशन गप्प झाली. तिची नजर एकदा बोटावर आली आणि तिथून सुटली. आणि मंडळी, पुढं जे झालं ते नूरमोहम्मद आयुष्यभर सांगत राहिला, पण त्याला ते कधी पुरतं सांगता आलं नाही. तो म्हणे, माझी पोर तिथून निघून गेली आणि दुसरीच कुणीतरी उभी राहिली. त्या बाईनं डब्याचं झाकण चाचपून पाहिलं, अजून गरम आहे का. मग पदरानं ते पुसलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, आणि त्या न हलण्यात सगळं होतं: सकाळचा चहा, भाड्याची खोली, नवऱ्यानं निघताना केलेली थट्टा. गर्दीतून एक आवाज आला नाही. फाटकाशेजारी सायकल धरून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या कामगारानं टोपी काढली. ही खरी बातमी नाही, हे त्याला ठाऊक होतं, तरी काढली. नूरमोहम्मदला वाटलं, आपल्या बोटाखाली पेटी वाजते आहे आणि ती सगळ्यांना ऐकू येते आहे. ज्या देवानं हे दिलं त्याला कुठल्या नावानं हाक मारावी, हे त्या घडीला त्याला सुचेना, म्हणून तो नुसताच बसून राहिला.

"बरं," ती बाई म्हणाली. आणि डबा छातीशी धरून वळली.

नानासाहेबांनी थांबा म्हणायला उशीर केला. तेही विसरले होते. कॅमेरा थांबला तरी कुणी जागचं हलेना. गुलशन बापाजवळ आली, वाकली, पेटीला हात लावला आणि कपाळाला नेला. बापाचं बोट अजून पट्टीवरच होतं.

वर्षभरानं चित्रपट लागला. कौशल्याबाईंनी उभ्या आयुष्यात थिएटरची पायरी चढली नव्हती, पण नूरमोहम्मद आणि ताजुन्निसाबरोबर त्या चिंचवडला आल्या. गुलशन पडद्यावर दिसताच शिट्ट्या झाल्या आणि कुणीतरी बिजलीचं वाक्य टाकलंच. ताजुन्निसानं डोळे मिटून घेतले. मग फाटक आलं. भोंगा झाला. "वहिनी, तो आता येणार नाही." आणि थिएटरात एवढी शांतता पसरली की पंखे ऐकू यायला लागले. बिजलीचं वाक्य ओरडणारा तोच पोरगा, पुढच्याच रांगेत, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता.

"बरं," पडद्यावरची बाई म्हणाली.

कौशल्याबाईंनी शेजारी पाहिलं. नूरमोहम्मदचं बोट खुर्चीच्या हातावर पांढरं पडेपर्यंत दाबलेलं होतं. "सोडा आता," त्या हळूच म्हणाल्या. "ती उभी राह्यली."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोठमोठी कामं, दिल्लीचा सत्कार, भिंतींवर तिचे चेहरे. बाजारात तिला पाहून लोक बाजूला व्हायला लागले, आणि भाजीवालीनं एकदा नुसतेच हात जोडले. बिजली बरकतच्या जुन्या टीव्हीबरोबर मागं राहिली. पण चित्रीकरणाच्या पहिल्या दिवशी गुलशन कुठंही असली, तरी कॅमेऱ्याच्या बाजूला एक पेटी ठेवलेली असायची, भात्याला कडी लावलेली. पुढं पुढं त्या पेटीमागं बसायला बाप येऊ शकत नसे. पेटी मात्र असायची.

तेव्हा मंडळी, तिचा तो चित्रपट कधी बघाल आणि फाटकावरची ती शांतता येईल, तेव्हा तिला जरूर दाद द्या. फक्त त्याच वेळी, पडद्यावर न दिसणारा, गालात सुपारी धरून बसलेला एक पेटीवाला मनात आणा. नूरमोहम्मद त्याचं नाव. त्याला विसरू नका.