वेगळ्या खिळ्यावरचा ब्रश

तुमच्या हातून कधी असं झालंय का, की मनापासून केलेल्या कामानेच दुसऱ्याचं नुकसान झालं आणि ते तोंड उघडून सांगताही आलं नाही?

मी स्टीलच्या तारांचा ब्रश बोलतोय. तलासरीला हायवेच्या कडेला चिमणचं आर्गन वेल्डिंगचं दुकान आहे, तिथला. गाड्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे फुटलेले भाग चिमण जोडतो. अ‍ॅल्युमिनियमवर डोळ्यांना न दिसणारी साय धरते. ती खरवडून काढली नाही, तर जोड धरत नाही. ते माझं काम.

मला लोखंड चालत नाही. एकदा लोखंडावर फिरलो की त्याचा कीस माझ्या तारांत अडकतो आणि पुढच्या जोडात शिरतो. म्हणून चिमण मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून वेगळ्या खिळ्याला टांगायचा. कोणी हात लावला तर ओरडायचा. पण का, ते त्याने कधी कुणाला समजावलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो गॅसचा सिलिंडर आणायला वापीला गेला होता. त्याची बायको नवशी पूजेसाठी हत्यारं धुवायला बसली. ऐरणीवर वर्षभराचा गंज होता आणि हाताशी असलेला ब्रश पार झिजलेला. देवापुढे ठेवायची तर चांगल्यानेच घासू, असं म्हणत तिने मला काढलं. ऐरण लख्ख झाली. मग मला धुऊन-पुसून तिने परत पिशवीत ठेवलं. तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं. आता ते आठवलं की लाज वाटते.

दसऱ्यानंतर दुसऱ्याच दिवशी दुपारी रतन आला. पाड्यावरून माणसांची ने-आण करणारी त्याची जीप दगडावर आपटून इंजिनखालचं ऑइल चेंबर तडकलं होतं. ते काढून तो टेम्पोने घेऊन आला होता. त्याच्या आईच्या, शुक्रीच्या, डोळ्याच्या ऑपरेशनला तीन महिने वाट बघितल्यावर तारीख मिळाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिला घेऊन डहाणूला पोचायचं होतं. मशीनवरचा झेंडूचा हार बघून तो म्हणाला, "चिमणभाऊ, मशीन अजून नवरदेवच आहे. कामाला उठेल ना?"

चिमण हसला आणि त्याने मला हातात घेतलं. मी जितका जोरात फिरत होतो, तितकी घाण त्या भेगेत भरत होतो. जोडात काळे ठिपके उठले. चिमणने तो खरवडून पुन्हा केला. पुन्हा मलाच घेऊन. ठिपके परत आलेच.

"ब्रश तर मी वेगळाच ठेवतो," तो पुटपुटला.

चहा घेऊन आलेली नवशी तिथेच थबकली. मग कप ठेवून आत गेली.

चेंबरमध्ये रात्रभर रॉकेल भरून ठेवू, कुठे पाझरलं तर कळेल, असं चिमण सांगत होता. पण रतनला आजच चेंबर बसवायचं होतं. तो घेऊन गेला.

संध्याकाळी नवशीने ऐरणीचं सगळं सांगितलं.

"मघाशी का नाय बोललीस?"

"गिऱ्हाइकासमोर तुझी लाज गेली असती. मला वाटलं, टिकेल."

चिमणने मोबाइल हातात घेतला. मग म्हणाला, "मी पण ठिपके बघून चेंबर दिलंच ना त्याला." तो रतनला फोन लावत राहिला. पाड्यावर रेंज नव्हती. पहाटेच निघू, असं दोघांनी ठरवलं.

त्याच संध्याकाळी मी लोखंडावर वापरायच्या हत्यारांच्या पेटीत गेलो. आता गेटं, ग्रिल घासतो. खिळ्यावर नवा ब्रश आहे. नवशी पेटी उघडते, पण माझ्याकडे बघत नाही. तिला दोष देऊ नका. घरात एखादी वस्तू वेगळी ठेवत असाल, तर ती का वेगळी, तेही घरच्यांना सांगा. एवढंच माझं मागणं.

पुढचं मी नवशी शेजारणीला सांगताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि चिमण मोटरसायकलने पाड्यावर पोचली, तेव्हा जोडातून पाझरून जीपखाली सगळं तेल सांडलं होतं. चिमणने शुक्रीला मागे बसवलं, तिच्यामागे नवशी तिला धरून बसली, आणि आठच्या आत तिघं डहाणूला पोचली.