डर्बी तुझी, दिवाळी माझी

“अहो, घोडे यायला अवकाश आहे. गवत ओलं आहे, सतरंजी दुहेरी घाला,” प्रमोदिनी म्हणाली. पद्माकरांनी डोळ्यांना लावलेली दुर्बीण न काढता पायानेच सतरंजी सरकवली.

इंग्लंडमधल्या एप्सममध्ये सोळा वर्षं राहून तिने तिथली डर्बी, घोड्यांची ती जगप्रसिद्ध शर्यत, एकदाही पाहिली नव्हती. जूनच्या त्या बुधवारी अख्खं गाव टेकडीवर लोटे, पण हॉस्पिटलला काही कुलूप लावता येत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी तिने आपल्या वॉर्डातल्या दुसऱ्या नर्सशी, मॉरीनशी, ठरवून टाकलं होतं, “डर्बी तुझी, दिवाळी माझी.” दोघींनी ते इमानाने पाळलं. दर डर्बीला मॉरीन टेकडीवर आणि प्रमोदिनी वॉर्डात, पेशंटच्या ट्रान्झिस्टरवर शर्यत ऐकत. आता ऑगस्टमध्ये रिटायर होऊन ती लेकीजवळ स्टॅनमोरला जाणार होती. यंदा मॉरीनने तिचं काही ऐकून घेतलं नाही. “ड्यूटी मी करते. तू जा, आणि उद्या मला सगळं सांग.”

शेजारी घडीच्या खुर्चीवर एक इंग्रज म्हातारबुवा एकटेच बसले होते. त्यांच्यासमोर आपणच डबा उघडून खायचं हे प्रमोदिनीला कुठलं जमायला? तिने पावात घातलेला बटाटेवडा त्यांच्या हातात दिला. वड्याखाली तळलेली मिरची आहे, हे सांगायचं मात्र राहून गेलं.

लाउडस्पीकरवर शर्यत सुटली. त्याच वेळी म्हातारबुवांनी घेवड्याची शेंग समजून ती मिरची तोंडात टाकली. आधी ठसका लागला, मग चेहरा लाल झाला, आणि मग आवाजच बंद झाला.

“अहो!” तिने हाक मारली. पद्माकर दुर्बिणीत हरवले होते.

तिने म्हातारबुवांना पुढे वाकवलं आणि पाठीत सणसणीत थापा घातल्या. टापांनी पायाखालची जमीन थरथरू लागली, लोक ओरडायला लागले. पाचव्या थापेला मिरची बाहेर पडली. तिने मान वळवली तेव्हा घोडे केव्हाच पुढे निघून गेले होते.

“अगं, बघितलंस? काय टर्न घेतला त्याने!”

“मी यांची पाठ बघितली.”

तिला रडूच आलं. सोळा वर्षं वाट पाहिली, ती या अडीच मिनिटांसाठी.

म्हातारबुवांनी डोळे पुसले. “चाळीस डर्ब्या पाहिल्या मी. चुकली ती ही पहिलीच,” ते म्हणाले, आणि डब्याकडे पाहत हळूच विचारलं, “अजून एक मिळेल? शेंग नको.”

प्रमोदिनीला असं हसू फुटलं की पद्माकरांनी अखेर दुर्बीण खाली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉरीन वॉर्डाच्या दारातच उभी होती. “सांग, काय काय पाहिलंस?”

प्रमोदिनीने युनिफॉर्मला घड्याळ अडकवलं.

“काही नाही गं,” ती म्हणाली. “ड्यूटीवर होते.”